दाराला कुलूप नव्हतं, तरीही कैदच

नमस्कार.

‘दार उघडं होतं, मग कैद कसली? शिवाय नुकसान दाखवावं लागतं. कायदा न शिकलेल्यांनी कायद्यावर लिहू नये,’ असं तुम्ही माझ्या ‘बेकायदा कैद’, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय एखाद्याला अडकवून ठेवणं आणि त्याबद्दलचा भरपाईचा दावा, या विषयावरच्या लेखाखाली लिहिलंत. आक्षेप जरूर घ्या, पण समोरच्याची लायकी काढायची ही कुठली रीत? माझ्याकडे सनद नाही, हे मी कधीच लपवलेलं नाही. वकिलांच्या ऑफिसात दावे टाइप करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कुठला दावा कशावर टिकतो, हे तिथे रोज दिसायचं.

एक मान्य करते. नुसती अडवणूक आणि पूर्ण कोंडी यांतला फरक मी एका ओळीत उरकला होता. ‘बर्ड विरुद्ध जोन्स’ (१८४५) खटल्यात लंडनच्या हॅमरस्मिथ पुलाचा काही भाग बोटींच्या शर्यतीसाठी अडवला होता. बर्ड यांना पुढे जाऊ दिलं नाही, मागे फिरायला मात्र मोकळीक होती. म्हणून ती कैद ठरली नाही.

पण या निकालावरून ‘उघडं दार म्हणजे सुटका’ असं म्हणता येत नाही. बाहेर पडायचा मार्ग खरोखर वापरता आला पाहिजे. ‘मीअरिंग’ खटल्यात (१९१९) चोरीच्या संशयावरून एका कामगाराला कंपनीच्या ऑफिसात बसवलं आणि बाहेर पहारेकरी ठेवले. आपल्यावर पहारा आहे याची त्याला कल्पनाही नव्हती, तरी अपील कोर्टाने बहुमताने ती कैदच मानली.

आणि हे मी फक्त वाचून सांगत नाही. एका नोकरीत रोकड कमी भरली तेव्हा मला एका खोलीत बसवलं होतं. दार सताड उघडं. उठले तर ‘खाली बस’ म्हणत दोघे आडवे आले. जाणूनबुजून अडवलं, चारही बाजूंनी अडवलं, कायद्याचा आधार काहीच नाही. आणखी काय हवं? अडवणं कायदेशीर होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही अडवणाऱ्यावरच असते.

नुकसानीचं म्हणाल तर हा दावा नुकसान सिद्ध न करताही चालतो. भरपाई किती, हा वेगळा प्रश्न. त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

त्या खोलीत मला मागे फिरायचा रस्ता कुठे होता, एवढंच सांगा. पुन्हा माझ्या शिक्षणाची चौकशी केलीत, तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.