नव्या बिगाऱ्यासाठी सुरक्षेचे धडे

साइटवर पहिलाच दिवस ना? ये. स्लीपर घालून आलास हे बरं केलंस. सेफ्टी शूज मिळतील, पण सगळे 9 नंबरचे. तुझा पाय 6 नंबरचा असेल तर तो ठेकेदाराचा दोष नाही.

सगळ्यात आधी सही. गेटवर रजिस्टर आहे. उंचीवरचं काम, वीज, आग या सगळ्याचं प्रशिक्षण तुला मिळालं आणि ते तुला नीट समजलं, असं त्यात आधीच लिहून ठेवलंय. प्रशिक्षण किती वेळ चाललं? शाईच्या डबीपासून कागदापर्यंत अंगठा न्यायला लागतो तेवढा वेळ. ते कुठल्या भाषेत होतं हेही विचारू नकोस. माणूस कटिहारचा असो, मालद्याचा असो की मुखेडचा, अंगठा सगळ्यांना उठवता येतो.

आता हेल्मेट. पांढरं साहेबाचं, पिवळं तुझं. हेल्मेटच्या आत पट्ट्यांची जाळी असते. कवच आणि टाळू यांच्यामध्ये ती बोटभर अंतर राखते आणि वरून आलेला दणका झेलते. तुझ्या हेल्मेटात ती नसेल. पण बाहेरून कळतंय का? मग झालं तर. एरवी त्यात खिळे ठेव, जेवताना उलटं टाकून त्यावर बस. डोक्यावर घ्यायचं ते गेटवर पांढरी गाडी दिसली की. आणि 4 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला. त्या दिवशी बॅनर लागतो, शपथ होते, बुंदीचा लाडू मिळतो. फोटोत पुढच्या रांगेत उभा राहा, कारण तेवढ्यापुरतं तुला नवं कोरं हेल्मेट देतात. फोटो झाला की परत कर.

परांचीवर चढलास की सेफ्टी बेल्टचा हुक कुठे अडकवायचा, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. खरं तर त्यासाठी पक्क्या कॉलमला बांधलेला वेगळा दोर लागतो. तो मागवलाय, येईलच. तोवर ज्या बांबूवर उभा आहेस त्यालाच हुक अडकव. म्हणजे पडलास तरी एकटा पडणार नाहीस, परांचीही सोबत येईल.

डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीच्या तोंडावर टाकलेला प्लाय दिसला की त्याला जमीन समजू नकोस. कुणीतरी पुढे जाऊ दे, मग ठरव. लिफ्टच्या खड्ड्यापुढे रेलिंग होतं, ते परवा सेंटरिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या टेकूंना गेलं. रात्रपाळीला खड्डा कुठे आहे ते पाठ असलेलं बरं.

विजेचं म्हणशील तर कटरच्या वायरीला प्लग नाही. दोन टोकं सोलून सॉकेटात खुपसायची आणि आगकाड्यांनी घट्ट करायची. आधी ब्रेकर सारखा पडायचा, स्लॅबचं काम अडायचं. इलेक्ट्रिशियनने तो बायपास केला. पडायचं काम आता तुझ्याकडे.

राहायची सोय साइटवरच, पत्र्याच्या खोलीत. खोली कुंपणाच्या भिंतीला लागून आहे, तेवढाच एका बाजूचा पत्रा वाचतो. पुण्यात कोंढव्यात 2019 सालच्या जूनअखेरीस अशीच एका सोसायटीची भिंत, शेजारी खोदकाम चालू असताना, पावसात मध्यरात्रीनंतर खोल्यांवर आली. झोपेतली 15 माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. त्यांच्यापैकी कुणी हेल्मेट घातलं नव्हतं, असं कुणी म्हणालं नाही एवढंच. चौकशीचे आदेश निघाले. तू मात्र खोलीत भिंतीकडे डोकं करून झोपू नकोस, पाय कर. प्रत्येकाने आपापली काळजी घ्यायला नको का?

कायद्याची भीती बाळगू नकोस, तो तुझ्या वाटेला येत नाही. 1996च्या बांधकाम मजूर कायद्यात 500 मजूर असले की सुरक्षा अधिकारी नेमायची तरतूद होती. म्हणून आपल्याकडे हजार माणसं दिसली तरी ती दहा-बारा ठेकेदारांची असतात आणि एकाकडेही 500 भरत नाहीत. हिशेब पक्का असतो आमचा.

बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकरही बिल्डर भरतो. तो पैसा कल्याणकारी मंडळाकडे, म्हणजे तुझ्यासाठीच जमा होतो. घ्यायला फक्त नोंदणी हवी आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला. तो ठेकेदाराकडे मागायला जाशील तेव्हा तो तुला आपादमस्तक न्याहाळेल आणि मुकादमाला विचारेल, "हा कोण रे? आपल्याकडे होता कधी?" मुकादमही डोकं खाजवेल. अशा वेळी गेटवरचं ते अंगठ्याचं रजिस्टर काढा म्हणून हट्ट धरू नकोस. ते ऑडिटला गेलंय.