फरशी आमची, अध्यक्षस्थानी अण्णा

लिनोलियम बसवायला आलेल्या कारागिराने दारातून आत वाकून पाहिले, माझ्या हातातली मोजपट्टी पाहिली, मी आदल्या रात्री कागदावर काढलेला स्वयंपाकघराचा नकाशाही पाहिला आणि मग अत्यंत अदबीने विचारले, "साहेब न्हाईत का घरात?" साहेब पुण्याला, नोकरीच्या गावी होते, आणि घरात असते तरी स्वयंपाकघराची लांबी-रुंदी तर सोडाच, चहाची पावडर कोणत्या डब्यात असते हेही त्यांना सांगता आले नसते. मी कारागिराला तसे सांगितले. त्याचा चेहरा पडला. नेमक्या त्याच वेळी शेजारचे अण्णा "काय काम काढलंय, वहिनी?" असे विचारत, स्वतःची खुर्ची स्वतः उचलून आत आले आणि कारागिराचा चेहरा उजळला. तिथून पुढे ते स्वयंपाकघर माझे राहिले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सांगलीच्या जुन्या भागात आमचे घर आहे. जोते उंच असल्यामुळे २०१९ च्या महापुरात पाणी वरच्या पायरीला लागून परत फिरले. आत शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावर सासऱ्यांनी कधीकाळी हौसेने टाकलेले लिनोलियम होते. त्याच्या कडा वळल्या होत्या आणि ओट्यापुढे तर ते पार झिजून खालची फरशी दिसू लागली होती. टाइल्स बसवायच्या म्हणजे हातोडा, राडारोडा आणि सगळ्या घराला खोकला. शिवाय सासूबाईंच्या गुडघ्यांना गार फरशी सोसत नाही. म्हणून जुने काढून नवे लिनोलियम टाकावे, एवढाच साधा विचार होता.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. पण अण्णांचे बोलणे ऐकले की पाणी किती फुटांवर थांबवायचे हे तेच ठरवत होते, असा समज होतो. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, याचे कारण त्यांच्या मते एवढेच की अण्णा त्याआधीच निवृत्त झाले होते. अशा माणसाला आठ बाय अकराचे स्वयंपाकघर म्हणजे किरकोळ काम. त्यांनी खुर्ची बरोबर मधोमध ठेवली आणि "हं, करा सुरू," असे म्हटले. कारागीर खरोखरच सुरू झाला.

जुने लिनोलियम मधल्या भागात नुसते अंथरलेले आणि कडांना चिकटवलेले होते. त्यामुळे कात्रीने पट्ट्या करून मधला भाग भराभर निघाला. खाली वर्तमानपत्रांचा थर होता. पूर्वी फरशी सारखी व्हावी आणि गारवा कमी लागावा म्हणून कागद अंथरून वर लिनोलियम टाकण्याची पद्धत होती, तसा तो असावा. कागद पिवळे पडले होते, पण अक्षरे शाबूत होती. कारागीर ते गोळा करून पोत्यात भरणार, तोच अण्णांनी हात वर केला, खिशातून चष्मा काढला आणि 'विकणे आहे' या सदरापासून वाचनाला आरंभ केला. पाच अश्वशक्तीची विहिरीवरची मोटार विकणे होती. एक शिलाई यंत्र होते. एक मोपेड होती. मोपेडपाशी अण्णा थबकले.

"ही मोपेड कुणाची ते मला ठाऊक आहे."

"कुणाची वो, अण्णा?" कारागिराने पटाशी खाली ठेवली.

"आमच्या हापिसातल्या हेडक्लार्कची. मला द्यायला निघाला होता. मी म्हटलं, हिचं कार्बोरेटर गेलंय, मी घेत नसतो. मग त्यानं जाहिरात दिली."

"मग खपली का?"

"खपती कशी? कार्बोरेटर गेलेलं."

यावर दोघेही बराच वेळ गप्प बसले. कार्बोरेटरच्या त्या दुखवट्यात मी चहा घेऊन आले, कारण पाहुण्याला चहा न देण्याची सोय आपल्या संस्कृतीने ठेवलेली नाही आणि मजुरी ठरवून घेतलेल्या माणसाने दुपारपर्यंत जाहिराती ऐकाव्यात की नाही याबद्दल ती काही बोलत नाही. मोपेडनंतर 'वधू पाहिजे' आले. त्यातल्या एका 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' या अपेक्षेवर अण्णांनी "आता असलं मिळत नाही" असा शेरा मारला आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

कडेचा चिकटवलेला भाग मात्र हटेना. तिथे काळ्या डिंकाचा कडक थर होता आणि कारागीर पिशवीतून ग्राइंडर काढू लागला. इथे मी प्रथमच आवाज चढवला. जुन्या शीटच्या पाठीत आणि असल्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासले की बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. शंका असेल तिथे ग्राइंडर किंवा पॉलिशपेपर लावूच नये. थर पाण्याने ओला ठेवून हाताने हळूहळू खरवडावा किंवा तसाच ठेवून वरून झाकावा. हे सगळे मी सांगितले. कारागिराने अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, "ग्राइंडरनं लवकर होईल." मी बोलणे थांबवले, मोरीतला तांब्या भरला आणि सरळ त्या थरावर पाणी ओतले. ओल्या फरशीवर विजेचे यंत्र चालवायला कारागीर धजला नाही. त्या सबंध कामात माझे म्हणणे चालले ते एवढेच, आणि तेसुद्धा पटवून नव्हे, पाणी ओतून.

आता लिनोलियमविषयी. खरे लिनोलियम जवसाच्या तेलाचे असते. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यावर तेलाची चिवट साय धरते, ती पाहून फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाला १८६० च्या दशकात ही युक्ती सुचली. हवेत मुरवून घट्ट केलेले तेल, राळ, बुचाचा नि लाकडाचा भुसा आणि चुनखडीची पूड एकत्र मळून ती तागाच्या कापडावर दाबून बसवायची. असे लिनोलियम नीट निगा राखली तर दशकानुदशके टिकते आणि एकाच रंगाचे असेल तर तो रंग आरपार असतो, त्यामुळे ओरखडा चटकन दिसत नाही. त्याला सोडा किंवा अमोनियासारखी तीव्र क्षारयुक्त द्रव्ये सोसत नाहीत. पाणी साचलेले चालत नाही. अंधारात गुंडाळून ठेवले तर त्यावर पिवळी झाक येते आणि उजेडात आणले की ती हळूहळू जाते. आपल्याकडच्या दुकानांत लिनोलियम म्हणून जे मिळते ते बहुधा पीव्हीसी असते. त्याचा जवसाशी काडीचा संबंध नाही आणि नक्षी असते ती फक्त वरच्या पातळ थरात. मला दुकानदाराने पावतीवर ठळक अक्षरांत 'लिनोलियम' लिहून दिले होते. गुंडाळीची पाठ पाहिली तर ताग नाही, फेसासारखा पांढरा थर. भाव मात्र जवसाचा वाटावा असा.

हे मी अण्णांना सांगायला नको होते, पण त्यांनीच "हे कशाचं करतात?" असे विचारले आणि बोलता बोलता जवसाचे नाव माझ्या तोंडून गेले.

"जवस? चटणीचं?"

"तेच. पण खऱ्या लिनोलियममध्ये, अण्णा. हे प्लॅस्टिक आहे."

अण्णा खुर्चीवरून उठले, गुंडाळीपाशी उकिडवे बसले, कोपरा उलटून त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग कारागिराला घ्यायला लावला.

"मुंग्या लागणार," अण्णा म्हणाले.

"अण्णा, यात जवस नाहीच."

"वहिनी, तुम्ही आत्ताच म्हणाला जवस आहे म्हणून. जवसाला मुंग्या लागतात. आमची आई जवस कायम भाजून ठेवायची." ते कारागिराकडे वळले. "खालनं मुंग्यांची पावडर मारून घे."

आमच्या लिनोलियमखाली आज मुंग्यांची पावडर आहे. तिची किंमत मजुरीत स्वतंत्र लावलेली आहे.

गुंडाळी खोलीतच निदान एक दिवस उलगडून ठेवावी, म्हणजे ती खोलीच्या तापमानाला येते आणि तिच्या सुरकुत्या बसतात, असे मी नकाशाच्या खाली लिहूनही ठेवले होते. अण्णांनी ती गच्चीवर उन्हात पसरायला लावली. "तापलं की सरळ होतंय." होते, यात शंका नाही. पण पीव्हीसी तापले की पसरते आणि गार झाले की आकसते. उन्हातून आणलेला तापलेला पन्ना तसाच कापून चिकटवला तर आकसताना तो जोडापाशी तोंड उघडतो. हे म्हणायला मी तोंड उघडले, तेव्हा अण्णा नातवाची गोटी जमिनीवर सोडून फरशीचा उतार पाहत होते. गोटी मोरीकडे गेली. "उतार आहे," अण्णांनी जाहीर केले. मोरी असलेल्या प्रत्येक जुन्या स्वयंपाकघराला मोरीकडे उतार असतो, तो मुद्दाम दिलेला असतो, नाहीतर धुतलेले पाणी जाणार कुठे? पण कारागीर "बरोबर बोलला, अण्णा" म्हणाला आणि मी तोंड मिटले.

आणि मग जोड. माझा सगळा राग त्या जोडाशी येऊन थांबतो. पन्ना सहा फुटी, स्वयंपाकघर आठ फूट रुंद. म्हणजे सहा फुटांचा एक अखंड पट्टा आणि दोन फुटांची एक पट्टी, असा हिशेब होता. अखंड पट्टा ओट्याकडून सुरू केला तर जोड समोरच्या भिंतीकडच्या फडताळापाशी जातो, जिथे कोणाचा पाय पडत नाही आणि पाण्याचा थेंब पोहोचत नाही. माझ्या नकाशात तो तिथे लाल पेन्सिलीने काढलेला होता. कारागिराने नकाशा हातात धरला आणि विचारले, "अण्णा, जोड कुठं घेऊ?"

अण्णा दाराशी जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी सबंध खोलीवर नजर फिरवली. "दारातनं आत येणाऱ्याला अखंड दिसलं पाहिजे. जोड ओट्याकडं घे."

"अण्णा, ओट्यापुढे मी उभी असते. तिथे पाणी सांडते."

"वहिनी, तुम्ही रोजच्याच आहात. पाव्हण्यांचं बघायला पाहिजे."

मला यावर आजही उत्तर सुचलेले नाही. पैसे माझे, नकाशा माझा, दिवसातून कितीतरी तास त्या जागी उभे राहायचे पाय माझे. आणि निकाल दारात उभ्या असलेल्या काल्पनिक पाहुण्याच्या बाजूने लागला. रागावायचे तरी कोणावर? अण्णा मनाने वाईट नाहीत, महापुरात सासूबाईंना याच अण्णांनी पाठीवर घेऊन बाहेर काढले होते. कारागीरही वाईट नाही. त्याला फक्त कोणातरी पुरुषाने "हं" म्हणावे असे वाटत होते, आणि तो "हं" शेजारच्या घरातून आला तरी त्याला चालत होता. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन आला, तेव्हा तेही म्हणाले, "अण्णा होते ना? मग बरं झालं."

काम संपल्यावर, सोल्युशन अजून ओले असताना, अण्णांनी नव्या लिनोलियमवर खुर्ची ठेवून "बसून बघतो" म्हटले आणि ते बसले. चार पायांचे चार खळगे उमटले, ते अजून आहेत. असे खळगे किंवा पुढे पडणारे डाग काढायचे तर त्याच नक्षीचा तुकडा खराब भागावर ठेवून, दोन्ही थर एकाच वेळी धारदार सुरीने कापून, नवा तुकडा त्या जागी चपखल बसवता येतो. त्यासाठी उरलेले लिनोलियम जपून ठेवावे लागते. आमचे चार फूट रुंद आणि अकरा फूट लांब, असे भरपूर उरले होते. कारागिराने ते नीट गुंडाळले, सुतळीने बांधले आणि अण्णांच्या खांद्यावर दिले. ते सध्या अण्णांच्या माळ्यावर अंथरलेले आहे आणि मी मागायला गेले की अण्णा म्हणतात, "लागलं की सांगा." मी सांगते. ते पुन्हा म्हणतात, "लागलं की सांगा."

निगा कशी राखायची याच्या सूचनाही कारागीर त्यांच्याकडेच देऊन गेला: ॲसिड नाही, तारेची घासणी नाही, गरम कुकर थेट खाली ठेवायचा नाही, ओले फडके पिळून पुसायचे. सूचना बरोबर आहेत. त्या मला रोज सकाळी खिडकीतून ऐकाव्या लागतात, इतकेच.

व्हायचे ते झाले आहे. उन्हातून आणलेला पन्ना आकसला, ओट्यापुढच्या जोडाची कड उचलली गेली आणि भांडी घासताना सांडलेले पाणी आत जाऊन एक कुबट वास येऊ लागला आहे. कारागिराला फोन केला तर तो म्हणाला, पावसाळा झाल्यावर बघू. काल अण्णा खाकी चिकटपट्टीचे रीळ घेऊन आले, गुडघे मोडून बसले आणि सबंध अकरा फूट जोडावर त्यांनी ती पट्टी मारून दिली. स्वयंपाकघरातून आता पार्सलसारखी एक तपकिरी रेघ जाते. अण्णा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "आता टिकंल. पण वहिनी, तुम्ही जरा पाय उचलून टाकत जावा."