पुढचा ब्रेक खरंच गाडी उलटवतो का?

मोटरसायकल चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: 'पुढचा ब्रेक लावला की मागचं चाक उचलतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून कायम मागचाच ब्रेक वापरा. अगदीच अंगावर आलं तर गाडी आडवी टाका, पण पुढच्या ब्रेकला हात लावू नका.' लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा सल्ला पाळणारा माणूस जास्त जोरात आदळेल.

आधी उलटण्याचं बघू. ब्रेकचा रोध जमिनीलगत, टायरपाशी लागतो. गाडी आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य मात्र वर असतो, समजा 65 सेंमीवर. म्हणून भार मागून पुढे सरकतो. दोन चाकांमधलं अंतर 140 सेंमी आणि गुरुत्वमध्य बरोबर मधोमध धरला, तर मागचं चाक उचलायला 70 भागिले 65, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या 1.08 पट मंदन (वेग कमी होण्याचा दर) लागतं. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड 0.8 च्या आसपास धरा, म्हणजे तो जास्तीत जास्त गुरुत्वत्वरणाच्या 0.8 पट मंदन देऊ शकतो. म्हणजे गाडी उलटण्याच्या आधी टायर घसरेल. चिकट टायरच्या, आखूड स्पोर्ट बाइकवर मागचं चाक उचलतं, नाही असं नाही. पण ही भीती मुळात सायकलवरून आलेली असावी: तिथे माणूस उंच बसतो, चाकं जवळ असतात आणि याच्या साधारण निम्म्या मंदनातच सायकल उलटू शकते.

आता 'मागचाच ब्रेक वापरा'. मागचा ब्रेक जितका जोरात लावाल तितका मागच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि भार कमी झाला की पकडही कमी होते. म्हणजे तो स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. वरचेच आकडे घेऊन ताशी 60 किमीवरून थांबायचा हिशेब केला, तर फक्त मागच्या ब्रेकवर सुमारे 48 मीटर लागतात, फक्त पुढच्यावर 22, आणि दोन्ही नीट लावले तर 18. ब्रेक लागायच्या आधी विचारात जाणारा वेळ यात धरलेला नाही. याहून बोचरा आकडा पुढे आहे: दोन्ही ब्रेकवाला जिथे थांबला, तिथे मागच्या ब्रेकवाला अजून ताशी 48 किमीने चाललेला असतो. अमेरिकेत संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातले 900 अपघात तपासून 1981 मध्ये अहवाल दिला. त्यातही हेच दिसलं होतं: संकटात बहुतेकांनी मागचं चाक लॉक करून (म्हणजे त्याचं फिरणंच थांबवून) घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

मग पुढचा ब्रेक लावून माणसं पडतात ती का? मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. उभ्या गाडीचा पुढचा ब्रेक धरून ती पुढे ढकला. फोर्क (पुढचं चाक धरणारे स्प्रिंगचे दांडे) दबतो आणि गाडीचं नाक खाली जातं. चालत्या गाडीवरही भार असाच पुढच्या टायरवर येतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो. लिव्हर झटक्यात आवळला तर भार यायच्या आधीच ब्रेकचा सगळा जोर येतो. त्या क्षणी टायरवर जेमतेम अर्धंच वजन असतं, म्हणून चाक लॉक होतं. लॉक झालेल्या चाकाची आडवी पकड जाते. आणि मोटरसायकल तर हँडलच्या सतत चाललेल्या बारीक हालचालींवरच तोल सांभाळत असते. ती सोय गेली की गाडी एका सेकंदाच्या आत आडवी. तेव्हा दोष ब्रेकचा नाही, झटक्याचा आहे. आधी हलका दाब, फोर्क बसल्याचं हाताला कळलं की मग वाढता जोर. ही सगळी क्रिया सेकंदाच्या आत होते, फक्त मोकळ्या रस्त्यावर सराव करावा लागतो. वळणात झुकलेल्या गाडीवर, वाळूवर, सांडलेल्या तेलावर मात्र पुढच्या ब्रेकला जपूनच हात लावायचा. तिथे पकड आधीच दुसऱ्या कामात खर्च झालेली असते किंवा मुळातच नसते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण साधं एबीएस असलं तरी झुकलेल्या गाडीवर बेफिकीर राहू नये.

'मागचा सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं: मागचं चाक लॉक होऊन गाडी तिरकी झाली आणि घाबरून ब्रेक सोडला, तर टायर पुन्हा पकड घेतो, गाडी झटक्याने सरळ होते आणि चालवणाऱ्याला वर उडवते.

राहिलं गाडी आडवी टाकणं. धातू आणि प्लास्टिक रस्त्यावर घसरतात तेव्हा रबराइतका रोध मिळत नाही, म्हणून थांबायला अंतर जास्त लागतं. शिवाय आडव्या गाडीला ना ब्रेक उरतो ना हँडल. समोरच्या गाडीने ऐन वेळी वाट मोकळी केली, तरी त्याचा उपयोग करून घ्यायला तुमच्या हातात काही नसतं.