सहा वर्षं कुठली लहर टिकते?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावावरचा लेख वाचला; त्यातला तिथल्या कॅथेड्रलवरचा भाग आवडला. फक्त एक राहिलं: आत शिरून समोर पाहिलं की मुख्य दालन आणि वेदीकडचा भाग एका रेषेत नाहीत, वास्तू चक्क डावीकडे कललेली दिसते. आणि दोन मनोऱ्यांच्या मधोमध घोड्यावर बसलेला ब्रिटनीच्या दंतकथांमधला ग्रॅडलॉन राजा! मनोऱ्यांवरचे टोकदार सुळके मात्र एकोणिसाव्या शतकातले, बाकी गॉथिक काम त्याच्या कितीतरी आधीचं.

माक्स जाकोबबद्दल मात्र लेखकाशी असहमत. याच गावात १८७६ मध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या कवी-चित्रकाराचं कॅथलिक होणं म्हणजे निव्वळ पॅरिसची लहर, असं लेखात म्हटलंय. अहो, १९०९ मध्ये त्याला पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या त्याच्या खोलीत भिंतीवर ख्रिस्त दिसला, आणि बाप्तिस्मा झाला थेट १९१५ मध्ये. धर्मपिता कोण, तर पिकासो! (थट्टेला वाव होता, हे कबूल.) पण पुढे १९२१ मध्ये पॅरिस सोडून लुआर नदीकाठच्या सँ-बनुआ गावी मठाच्या आसऱ्याला जाऊन राहणं ही थट्टा कशी? नाझींना तर त्याच्या बाप्तिस्म्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, फेब्रुवारी १९४४ मध्ये पकडलं, ५ मार्चला पॅरिसजवळच्या द्रांसीच्या कैदी छावणीत तो वारला.

कँपेरला जाणाऱ्यांनी कॅथेड्रलसमोरचं कलासंग्रहालय चुकवू नये. तिथे त्याच्यासाठी वेगळं दालन आहे, लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.