कोरियाची अभ्यासवृत्ती मिळालेल्या गुरुजनांस

कोरियाचा इतिहास आणि संस्कृती अभ्यासण्यासाठी परदेशी शिक्षकांना मिळणारी अभ्यासवृत्ती आपल्या पदरी पडली असेल, तर अभिनंदन. अशाच एका तुकडीत मीही होतो आणि गेल्या शनिवारी त्याच तुकडीतील एका सहकाऱ्याचे अनुभवकथन दोन तास ऐकून आलो; तेव्हा ही संधी सत्कारणी कशी लावावी, हे सांगण्याचा अधिकार मला पोहोचतो.

अर्जात ‘परतल्यावर पाठटाचण करीन’ असे बेधडक लिहावे. टाचणाचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी येत नाही.

सोलला उतरताच हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख भाड्याने घ्यावा. तो अंगावर असला की ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्यात तिकीट पडत नाही, एवढा इतिहास पुरे. 1395 मध्ये उभा राहिलेला हा राजवाडा 1592 च्या जपानी स्वारीच्या काळात जळाला, पुढे वसाहतकाळात जपानी सत्तेने आपली मुख्य कचेरी नेमकी त्याच्या सिंहासनगृहाच्या पुढ्यात बांधली आणि ती पाडायला 1995 उजाडले, असले तपशील सांगणाऱ्या मार्गदर्शकाकडे पाठ केली की छायाचित्र चांगले येते.

हंगुल या कोरियन लिपीची मूळ अक्षरे चोवीसच आहेत. तरीही शिकू नयेत, कारण दुपारी खरेदी असते.

परतल्यावरच्या व्याख्यानाचा आरंभ कोरियात जाऊन राणी झालेल्या अयोध्येच्या राजकन्येच्या कथेने करावा. तिची कथा ज्या ‘सामगुक युसा’त येते तो ग्रंथ तेराव्या शतकातला, म्हणजे कथेतल्या काळानंतर सुमारे बाराशे वर्षांनी लिहिलेला आहे आणि त्यातले ‘आयुता’ म्हणजे अयोध्याच कशावरून, असे विचारणाऱ्याला देशाभिमान नाही, असे समजावे.

कोरियाची फाळणी कशी झाली, असे कोणी विचारलेच, तर ‘युद्ध झाले आणि देश दुभंगला’ असे ठोकून द्यावे. शनिवारी तसेच सांगितले गेले आणि टाळ्याही पडल्या. देश आधी दुभंगला आणि युद्ध नंतर झाले, हा क्रम क्षुल्लक मानावा. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण येत असताना दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये नकाशा पुढ्यात घेऊन देश विभागायला 38 वा अक्षांश निवडला, एकाही कोरियन माणसाला विचारले नाही, सोव्हिएत संघाने ते मान्य केले आणि त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, 25 जून 1950 रोजी, युद्ध पेटले. 1953 मध्ये झाली ती शस्त्रसंधी, तह नव्हे. आणि आजची सीमारेषा त्या अक्षांशाला तिरकी छेदून जाते, म्हणूनच अक्षांशाच्या दक्षिणेला असलेले केसाँग शहर आज उत्तर कोरियात आहे. हे सारे आपल्याला सीमेकडे जाताना बसमध्ये सांगितले होते, शनिवारचे वक्ते महाशय! आपण तेव्हा फेसमास्कच्या किमती ताडून पाहत होतात.

ज्या आपल्या भारत देशाची फाळणी एका परक्या माणसाने नकाशावर उरकली, त्या देशातल्या इतिहासाच्या शिक्षकाला हे कळू नये? दंतकथेतल्या राणीसाठी आपल्याकडे वीस मिनिटे होती; पण युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी 1953 मध्ये कोरियात गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल थोरात होते, यासाठी एक वाक्यही नव्हते. समोर चाळीस शिक्षक वहीत उतरवून घेत होते आणि सोमवारी त्यांनी वर्गात तेच सांगितले असणार. हानबोकातली छायाचित्रे घरच्यांना दाखवा. त्या चाळीस जणांना मात्र चूक कळवा आणि कबूल केलेले टाचण लिहायला बसा: आधी 1945, मग 1950.