शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने

गोव्यातील आरोग्यसेवेवरचे वाद मी परदेशातून नेमाने वाचते. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यक शाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बहुतेक वादांच्या केंद्रस्थानी असते. माझे शिक्षण तिथेच झाले, त्यामुळे हे वाद मला अलिप्तपणे वाचता येत नाहीत. नव्या इमारतीत किती खाटा चालू झाल्या, गुंतागुंतीच्या हृदयदोषांच्या मुलांना राज्याबाहेर का पाठवावे लागते, २०१८ मध्ये परराज्यांतील रुग्णांना लागू झालेले शुल्क सिंधुदुर्गातील गरिबांकडूनही घ्यावे काय, असे हे प्रश्न असतात आणि ते रास्त आहेत. परंतु अमेरिकेतील एका बालरुग्णालयाच्या हृदय अतिदक्षता विभागात काम करताना आणि शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या मूत्रपिंडांना होणाऱ्या इजेचा अभ्यास करताना एक उणीव मला सारखी जाणवते. ऑपरेशन झाले आणि मूल घरी आले, की आपल्याकडची चर्चा थांबते. त्यानंतर त्या मुलाच्या मूत्रपिंडांकडे कोणी पाहायचे, याचा उल्लेख मला कोणत्याच बाजूच्या लेखात आढळलेला नाही.

जन्मजात हृदयदोष दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांत आढळतो. त्यांतल्या ज्यांची मोठी शस्त्रक्रिया होते, त्यांचे रक्त काही काळ हार्ट-लंग मशीनमधून फिरवले जाते. त्या काळात मूत्रपिंडांना मिळणारा प्रवाह नेहमीचा नसतो, तांबड्या पेशी फुटतात, शरीरभर दाह उठतो, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री हृदयाचाच जोर कमी पडतो. अमेरिकेतील २२ रुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या अभ्यासात २,२४० नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आढळले. आईवडिलांनी घाबरून जाऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की यांतली बरीचशी इजा सौम्य असते आणि काही दिवसांत भरून येते. तीव्र इजा झालेल्या बाळांचे मात्र तसे नसते. त्यांचा मृत्यूचा धोका वाढलेला असतो.

ही इजा ओळखायची कशी, याच्या उत्तरातच माझा मुद्दा आहे. चार किलोच्या बाळाला तासाला दोन मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ती मूत्रपिंडांची इजा ठरते. दोन मिलिलिटर म्हणजे अर्धा चमचासुद्धा नव्हे. तेवढी लघवी कॅथेटरच्या, म्हणजे मूत्राशयात बसवलेल्या नळीच्या वळणातच अडकून राहते, म्हणून आमच्या विभागातील परिचारिका दर तासाला ती नळी उचलून, वळण सरळ करून, सगळे थेंब मापकात उतरवतात आणि मगच आकडा लिहितात. याच बाळाच्या अंगात चारशे मिलिलिटर पाणी साठले, तर ते वजनाच्या दहा टक्के होते, आणि तिथून श्वासाचे यंत्र काढणे लांबत जाते. या कामाचे कधी उद्घाटन होत नाही, पण माझ्या मते अतिदक्षता विभागाचा दर्जा त्यावरूनच ठरतो.

इजा ओळखण्यासाठी नेहमी मोजले जाणारे रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, उशिरा वाढते, हे खरे आहे. अमेरिकेतील सिनसिनाटीचे बालमूत्रपिंडतज्ज्ञ प्रसाद देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की एनगॅल नावाचे प्रथिन इजेनंतर दोन तासांतच वाढते, तर क्रिएटिनिनला एक ते तीन दिवस लागतात. लघवीतून करायच्या त्या चाचणीला अमेरिकेत मुलांसाठी मान्यता मिळाली ती २०२३ च्या अखेरीस. ती गोव्यात आणावी अशी मागणी उद्या झाली, तर मी विरोध करणार नाही. पण तिला पहिला क्रमही देणार नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२ अतिदक्षता विभागांतील सर्वसाधारण गंभीर आजारी मुलांवरच्या अभ्यासात लघवी घटलेल्या रुग्णांपैकी ६७.२ टक्के जणांची इजा केवळ क्रिएटिनिनवर विसंबल्यास निसटली असती, असे दिसले. आधी लघवीचा हिशेब काटेकोर झाला पाहिजे. महागडी चाचणी त्यानंतर.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या मावसबहिणीच्या मुलाचे ऑपरेशन राज्याबाहेरच्या एका रुग्णालयात झाले. हृदय उत्तम दुरुस्त झाले, त्याबद्दल त्या सर्जनांचे उपकार आम्ही विसरणार नाही. तिने पाठवलेले कागद मी चाळले, तेव्हा ऑपरेशनपूर्वी ०.३ असलेले क्रिएटिनिन घरी सोडताना ०.६ होते. शेजारी प्रौढांची मर्यादा छापलेली असल्याने तो आकडा निर्धोक दिसत होता. प्रत्यक्षात तो दुप्पट झालेला होता. डिस्चार्ज कार्डावर मूत्रपिंडांबद्दल एक शब्द नव्हता. "ताई, पोर आता खेळतंय, दूध पितंय, मग परत सुई कशाला टोचायची?" असे तिने फोनवर विचारले, आणि तिचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, कारण पुन्हा तपासा असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा क्रिएटिनिन उतरले होते. रक्तदाब मोजायला मात्र बाळाच्या दंडाला बसेल असा पट्टा शोधत फिरावे लागले.

अमेरिकेत हे सगळे सुरळीत चालते असा समज कोणी करून घेऊ नये. इथे तासातासाची नोंद संगणकात राहते, पण घरी गेलेली मुले हातातून निसटतात. विमा बदलतो, घर तीनशे मैलांवर असते, आणि गरिबांसाठीची मेडिकेड योजना राज्यागणिक वेगळी असल्याने सीमा ओलांडली की कागदपत्रे नव्याने सुरू होतात. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि राज्याबाहेरच्या उपचारांसाठी सरकारच्या मेडिक्लेम योजनेचे साहाय्य मिळते. शिवाय राज्य एवढे लहान आहे, की शस्त्रक्रिया झालेले प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असणे सहज शक्य आहे. अमेरिकेला हे कितीही पैसा ओतून साधलेले नाही.

म्हणून माझी मागणी खाटांची नाही. सरकारी पैशाने राज्याबाहेर ऑपरेशन झालेल्या मुलाच्या कार्डावर ऑपरेशनपूर्वीचे, सर्वाधिक आणि घरी सोडतानाचे अशी तिन्ही क्रिएटिनिन लिहिलेली असावीत, आणि साहाय्याची रक्कम चुकती करण्याआधी ती मागून घ्यावीत. इजा झाली असेल तर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, असे २०१२ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ती वाळपई, काणकोण किंवा पेडण्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी आणि आकडा बांबोळीच्या बालरोग विभागाला कळावा. काणकोणात, जिथे कारण निश्चित न झालेल्या मूत्रपिंडविकाराने अनेक घरे पोळली आहेत, तिथे याचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्गाहून येणाऱ्या मुलाकडून या एका तपासणीचे शुल्क घेऊ नये, असेही माझे स्पष्ट मत आहे. रक्ताची एक नळी, लघवीतील प्रथिनांची एक पट्टी आणि लहान मापाचा रक्तदाबाचा पट्टा एवढेच साहित्य याला लागते, आणि ते तालुक्याच्या केंद्राला याच वर्षी पुरवता येण्यासारखे आहे.