महिला बास्केटबॉल म्हणे भिकेवर चालतं! जरा हिशेब मांडूया

डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. मी तो वाचून सोडून देत होते. परवा तो माझ्या भाचीला तिच्या काकांनी पाठवला, खाली ‘बघ बाळा, वेळीच विचार कर’ असं लिहून. पोरगी चौदा वर्षांची आहे, पॉइंट गार्ड (संघाचा खेळ चालवणारी खेळाडू) म्हणून खेळते आणि रात्री जागून याच लीगमधल्या न्यूयॉर्क लिबर्टी संघाचे सामने बघते. तिने मला एवढंच विचारलं, “मावशी, हे खरं आहे का?” म्हणून हे सविस्तर उत्तर.

मजकुरातले दावे थोडक्यात असे. ही लीग 1997 पासून एकदाही नफ्यात आलेली नाही आणि पुरुषांची एनबीए भीक घालते म्हणून जिवंत आहे. अशा तोट्यातल्या लीगच्या खेळाडूंनी पगारवाढ मागणं हा निर्लज्जपणा आहे, उलट त्यांनीच एनबीएचे पैसे फेडायला हवेत. लोक फक्त केटलिन क्लार्क या स्टार खेळाडूला बघायला येतात, ती थांबली की दुकान बंद. खेळात डंक (उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबणं) नाही, तर रिंग खाली आणा. आणि शेवटी सल्ला: मुलींनो, यात भविष्य नाही.

तोट्यापासून सुरू करू, कारण तिथे थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनीच 2018 मध्ये सांगितलं होतं की डब्ल्यूएनबीएला वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरहून जास्त तोटा होत आला आहे. 2024 मध्ये हा आकडा चार कोटी डॉलरच्या घरात जाईल, अशा बातम्या अमेरिकी वर्तमानपत्रांत होत्या. ठीक, तोटा आहे. पण भीक कुठून आली? 2022 मध्ये लीगने 7.5 कोटी डॉलरचं भांडवल उभं केलं आणि बदल्यात सुमारे 16 टक्के हिस्सा गुंतवणूकदारांना दिला. उरलेला हिस्सा एनबीए आणि डब्ल्यूएनबीएच्या संघमालकांकडे, प्रत्येकी सुमारे 42 टक्के. म्हणजे एनबीए या लीगची सहमालक आहे. मालकाने स्वतःच्या धंद्यात घातलेल्या पैशाला भांडवल म्हणतात. उद्या या हिश्श्याची किंमत वाढली तर ती वाढ एनबीएच्याच खिशात जाणार आहे, कोणत्याही खेळाडूच्या नाही.

आणि पुरुषांची लीग काय पहिल्या दिवसापासून सोन्याची खाण होती? 1946 मध्ये ती 11 संघांनिशी सुरू झाली आणि पहिल्या हंगामानंतर त्यातले चार संघ बंद पडले. 1954-55 मध्ये जेमतेम आठ संघ उरले होते. 1980 च्या अंतिम फेरीत नवख्या मॅजिक जॉन्सनने सहाव्या सामन्यात 42 गुण करून विजेतेपद मिळवून दिलं, तो सामना अमेरिकेच्या बहुतेक भागात थेट दाखवलाच गेला नाही. रात्री उशिरा रेकॉर्डिंग लावलं गेलं. लीग तेव्हा 34 वर्षांची होती. त्या वयात पुरुषांच्या खेळाला कोणी ‘यात भविष्य नाही’ म्हणून निकालात काढलं नाही.

तोटा कसा ‘घडवला’ जातो, हे बघायचं तर भाचीच्या लाडक्या लिबर्टीचंच उदाहरण घ्या. हा संघ शहराच्या मधोमध मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या सभागृहात खेळायचा, हजारोंनी लोक यायचे. मालकांनी तो विकायला काढला आणि 2018 मध्ये शहराबाहेर वेस्टचेस्टरच्या जेमतेम पाच हजार आसनांच्या जुन्या सभागृहात नेऊन टाकला. त्या वर्षी सरासरी प्रेक्षक तीन हजारांच्याही खाली गेले. मग सगळ्यांनी मान डोलावली, बघा, बायकांचा खेळ कोण बघतंय! 2019 मध्ये उद्योजक जो त्साय यांनी संघ घेतला, पुढे ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये आणला, चांगल्या खेळाडू घेतल्या. 2024 मध्ये सरासरी प्रेक्षक बारा हजारांच्या वर होते आणि त्याच वर्षी संघाने आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं. 2025 मध्ये संघाचा काही हिस्सा विकला गेला तेव्हा त्याची किंमत 45 कोटी डॉलर धरली होती. शहर तेच, खेळ तोच. बदलला तो मालक.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. ‘खेळाडूंनीच पैसे फेडायला हवेत.’

मूळ प्रसंग असा. जुलै 2025 मध्ये इंडियानापोलिसला ऑल-स्टार सामन्याआधी (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना) सगळ्या खेळाडू ‘आमचं देणं द्या’ अशा अर्थाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. त्याची टर उडवत हा मजकूर जन्माला आला. लिहिणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं हिशेब केला असता तर हे वाक्य लिहायची हिंमत झाली नसती. 2024 मध्ये एका संघाला सगळ्या खेळाडूंच्या पगारासाठी मिळून मर्यादा होती 14 लाख 63 हजार 200 डॉलर. एका खेळाडूसाठी नाही, अख्ख्या संघासाठी. संघ होते 12. गुणाकार करा: साधारण 1 कोटी 76 लाख डॉलर. बातम्यांमधला तोटा चार कोटींचा. म्हणजे त्या वर्षी लीगमधल्या प्रत्येक खेळाडूने एक पैसा न घेता, पूर्ण फुकट खेळायचं ठरवलं असतं, तरी तोटा अर्ध्यानेसुद्धा भरून निघाला नसता. ज्यांच्या पगाराचा तोट्यात एवढा कमी वाटा आहे त्यांनाच तोट्याबद्दल जबाबदार धरायचं, हा कुठला न्याय? तुलनेसाठी, एनबीएच्या एकट्या स्टीफन करीचा 2024-25 चा पगार साडेपाच कोटी डॉलरच्या वर होता. डब्ल्यूएनबीएच्या तमाम खेळाडूंच्या तिप्पट.

लीगने 2024 पासून सगळ्या संघांना चार्टर विमानं (संघासाठी खास भाड्याने घेतलेली) दिली, त्यासाठी दोन वर्षांत मिळून पाच कोटी डॉलरची तरतूद केली. वर्षाला अडीच कोटी. विमानांवरचा खर्च खेळाडूंच्या पगारांहून जास्त! ती विमानं हवीतच, त्यात वाद नाही. सहा-सव्वासहा फुटी बाई साध्या विमानाच्या मधल्या सीटवर पाय दुमडून बसते आणि दुसऱ्या दिवशी 35 मिनिटं खेळते, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि 2021 मध्ये लिबर्टीच्या मालकांनी स्वतःच्या खर्चाने खेळाडूंना चार्टर विमानाने नेलं तेव्हा लीगने काय केलं? नियम मोडला म्हणून संघाला पाच लाख डॉलरचा दंड केला. सगळ्या मालकांना हा खर्च परवडणार नाही, मग कोणीच करायचा नाही, हा त्यामागचा विचार. खर्च करायला तयार असलेल्या मालकाला दंड करणारी लीग तोट्यात राहिली, तर त्याची बिलं खेळाडूंच्या नावाने फाडायची?

शिवाय त्या मागत होत्या काय, हे मजकुरात कुठेच नाही. एनबीएइतका पगार त्यांनी मागितलेला नाही. त्यांनी मागितला तो उत्पन्नातला वाटा. एनबीएच्या खेळाडूंना लीगच्या बास्केटबॉल उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग मिळतो, या खेळाडूंचा वाटा तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचे अंदाज होते. लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2020 च्या करारात वाढीव उत्पन्नाच्या वाटणीचं कलम होतं, पण त्याआधी एकूण उत्पन्नाचं उद्दिष्ट गाठायची अट होती. कराराचं पहिलंच वर्ष करोनाचं निघालं, तेव्हा पडलेला खड्डा पुढच्या वर्षांच्या डोक्यावर बसला आणि वाटणी कागदावरच राहिली. पगारमर्यादा मात्र ठरल्याप्रमाणे वर्षाला 3 टक्क्यांनी वाढत होती. आता दुसरीकडे बघा. गोल्डन स्टेट व्हॅल्कीरीज या नव्या संघाने 2023 मध्ये लीगमध्ये येण्यासाठी पाच कोटी डॉलर मोजले. 2025 मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियाच्या मालकांनी प्रत्येकी 25 कोटी मोजायची तयारी दाखवली. प्रवेशाची किंमत दोन वर्षांत पाचपट आणि पगार 3 टक्के. अर्थशास्त्राच्या नोबेल विजेत्या क्लॉडिया गोल्डिन नव्या कराराच्या वाटाघाटीत खेळाडू संघटनेच्या सल्लागार झाल्या, त्याही मानधन न घेता. त्यांना ताळेबंद वाचता येत नाही असं काकांना म्हणायचं असेल तर म्हणावं.

कमी पगाराची किंमत शरीराने कशी मोजावी लागली, तेही ऐका. डब्ल्यूएनबीएची दिग्गज खेळाडू डायना टॉरासी हिला 2015 मध्ये तिच्या रशियन क्लबने अमेरिकेतला हंगाम खेळू नकोस, विश्रांती घे, म्हणून पैसे दिले. रशियात तिला वर्षाला पंधरा लाख डॉलरच्या आसपास मिळत होते, डब्ल्यूएनबीएमध्ये लाखभर. तिने तो हंगाम सोडला. ब्रियाना स्ट्युअर्ट 2018 ची सर्वोत्तम खेळाडू, एप्रिल 2019 मध्ये रशियन क्लबकडून युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत खेळताना टाचेची शीर तुटली आणि अमेरिकेतलं अख्खं वर्ष गेलं. ब्रिटनी ग्राइनर रशियाच्या तुरुंगात 2022 चे कितीतरी महिने होती. ती तिथे फिरायला गेली नव्हती, क्लबकडून खेळायला चालली होती. घरच्या लीगमध्ये पोटापुरतं नाही, नावाला शोभेल असं मिळालं असतं, तर या बायका हिवाळ्यात दुसऱ्या खंडात जाऊन बारा महिने शरीर झिजवत राहिल्या नसत्या.

केटलिन क्लार्कच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, देऊन टाकते. तिच्याइतकी गर्दी ओढणारी खेळाडू या खेळाने पाहिली नव्हती. 2024 ची महिला कॉलेज स्पर्धेची अंतिम लढत 1.89 कोटी लोकांनी पाहिली, पुरुषांची 1.48 कोटींनी, आणि त्यामागे ती होतीच. तिला दुखापत झाली तेव्हा टीव्हीचे आकडे घसरले, हेही खरं. पण 2025 मध्ये ती फक्त 13 सामने खेळली आणि त्याच हंगामात लीगच्या मैदानावर आलेल्या एकूण प्रेक्षकसंख्येचा 2002 पासूनचा विक्रम मोडला, तोही ऑगस्टमध्येच, हंगाम संपायला अवकाश असताना. व्हॅल्कीरीजकडे तर घराघरांत नाव पोहोचलेली एकही खेळाडू नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमधले त्यांचे 22 च्या 22 घरचे सामने हाउसफुल, प्रत्येक सामन्याला 18,064 प्रेक्षक, आणि पहिल्याच वर्षी प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) गाठणारा पहिला नवा संघ. मायकल जॉर्डन 1998 नंतर थांबला तेव्हा एनबीएच्या अंतिम फेरीचे प्रेक्षकही धाडकन कमी झाले होते. एनबीए बंद पडली का?

रिंग खाली आणा म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्ण सामना बघावा, एवढंच. पास, स्क्रीन (सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणं), तीन गुणांचे फेक यासाठी हा खेळ बघणारे लाखो लोक डंक मोजत बसत नाहीत. याहून जास्त शाई त्या मुद्द्यावर घालवायची इच्छा नाही.

उरला ‘भविष्य नाही’ हा निष्कर्ष. जुलै 2024 मध्ये डिस्ने, अ‍ॅमेझॉन आणि एनबीसी यांनी डब्ल्यूएनबीएच्या प्रक्षेपणासाठी 2026 पासूनच्या 11 वर्षांचा करार केला. किंमत सुमारे 220 कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला 20 कोटी, आधीच्या तिपटीहून जास्त. अकरा वर्षांचे पैसे या कंपन्या दयेपोटी बांधून ठेवत नाहीत. नव्या संघांची यादी बघा. क्लीव्हलँडचा रॉकर्स 2003 मध्ये बंद पडला होता. तीन विजेतेपदं मिळवलेला डेट्रॉइटचा शॉक 2009 नंतर टल्साला हलवला गेला. पोर्टलँडचा फायर 2002 मध्ये विझला. ही तिन्ही शहरं पुन्हा पैसे मोजून परत येत आहेत: पोर्टलँड टोरांटोच्या नव्या संघाबरोबर 2026 मध्ये, क्लीव्हलँड 2028, डेट्रॉइट 2029. 2008 मध्ये एक कोटी डॉलरला घेतलेल्या सिअ‍ॅटल स्टॉर्मची किंमत 2023 मध्ये 15.1 कोटी धरली गेली.

सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. या किमती उद्याच्या कमाईच्या अपेक्षेवर उभ्या आहेत आणि अपेक्षा चुकतात. माझी काळजी वेगळीच आहे. कनेटिकट सन हा संघ अमेरिकेतल्या मोहेगन आदिवासी समाजाने 2003 मध्ये घेतला, एनबीएशी संबंध नसलेल्या मालकाने घेतलेला पहिला. अंकासव्हिलसारख्या छोट्या गावात त्यांनी तो वीसहून जास्त वर्षं सांभाळला, जेव्हा मोठमोठ्या शहरांतले मालक पळ काढत होते. आता प्रत्येक संघाने स्वतःचं सराव केंद्र बांधावं अशी अपेक्षा आहे. फिनिक्सच्या संघाने त्यासाठी दहा कोटी डॉलर ओतले. 2025 मध्ये सनला बोस्टनला नेण्यासाठी 32.5 कोटींची बोली आली. ज्यांनी वाईट दिवसांत लीग तगवली, त्यांनाच चांगल्या दिवसांत जागा परवडेनाशी होते आहे. पैसा नसल्याचं दुखणं हे नव्हे, पैसा फार वेगाने येतो आहे त्याचं आहे.